ग्रह रांगेत आले म्हणून होकायंत्राची सुई हलते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही शाळेत विज्ञान शिकवता. २८ फेब्रुवारी २०२५ च्या संध्याकाळी सात ग्रह एकाच वेळी आकाशात होते, म्हणून तुम्ही मुलांना शाळेच्या गच्चीवर नेलंत. काही मुलांनी मोबाईलमधला कंपास उघडला, तर उत्तर दिशा दहा अंशांनी सरकलेली दिसली. त्याच दिवसांत एक व्हिडिओ फिरत होता. ग्रह रांगेत आले की पृथ्वीचं चुंबकक्षेत्र कमजोर पडतं आणि मे २०२४ चं मोठं चुंबकीय वादळसुद्धा ३ जूनच्या ग्रहरांगेमुळेच आलं, असं त्यात म्हटलं होतं. मुलांनी दोन्ही गोष्टी जोडल्या आणि आता त्यांना काय उत्तर द्यावं, असं तुम्ही विचारलंय.

मी आयुष्यातली बरीच वर्षं चुंबकीय वेधशाळेत नोंदी घेण्यात आणि त्या तपासण्यात घालवली आहेत, त्यामुळे हा प्रश्न माझ्या अगदी रोजच्या कामातला आहे. यात दोन प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. गच्चीवर सुई कशामुळे सरकली, हा पहिला. चुंबकीय वादळं, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रात अधूनमधून उठणारी खळबळ, आणि ग्रहांच्या जागा यांचा काही संबंध लागतो का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मी इथे बसून जवळजवळ ठामपणे देऊ शकतो. दुसऱ्याचं उत्तरही ‘नाही’ असंच आहे, पण ते किती जोरात म्हणायचं हे तुम्ही ‘रांग’ कशाला म्हणता, ‘परिणाम’ कशाला म्हणता आणि किती काळाचा विचार करता, यावर अवलंबून आहे. त्याकडे पुढे येतो.

आधी गच्ची. चुंबकक्षेत्र आपण नॅनोटेस्लात मोजतो. कोकण किनाऱ्यावर अलिबागच्या आसपास पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा भाग, म्हणजे सुईला उत्तरेकडे धरून ठेवणारा भाग, सुमारे ३८ हजार नॅनोटेस्ला भरतो. सुई दहा अंश वळवायची तर पूर्वेकडून किंवा पश्चिमेकडून साधारण ६,७०० नॅनोटेस्लाचा जोर लागेल. त्रिकोणमितीतला टॅन १० अंश गुणिले ३८ हजार, एवढंच गणित आहे. दहावीच्या मुलांकडून करून घ्या. आता याच्या शेजारी निसर्गात खरोखर काय घडतं ते ठेवा. शांत दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत क्षेत्र काही दहा नॅनोटेस्लांनी चढतं आणि संध्याकाळपर्यंत उतरतं. चांगलं जोरदार वादळ आलं तर आपल्या अक्षांशांवर काही शे नॅनोटेस्लांची घट दिसते. आपल्या किनाऱ्यावर नोंदली गेलेली सगळ्यात मोठी घट २ सप्टेंबर १८५९ ची, मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतली. ती सुमारे १,६०० होती. म्हणजे तुमच्या गच्चीवर जे झालं ते आकाशातून आलं असं मानायचं, तर इतिहासातल्या त्या वादळाच्या चौपट जोराचं काहीतरी त्या संध्याकाळी घडायला हवं होतं. तसं झालं असतं तर जगभरच्या वेधशाळांतले सगळे आलेख कागदाबाहेर गेले असते.

मग सुई हलली कशाने? गच्चीच्या स्लॅबमध्ये लोखंडी सळ्या आहेत. पाण्याच्या टाकीचा स्टँड, कठड्याचे पाइप, डिश अँटेना हे सगळं लोखंड. मोबाईलमध्ये स्पीकरचा चुंबक असतोच आणि हल्ली फ्लिप कव्हरच्या झडपेतही बारीक चुंबक बसवलेला असतो. फोनमधला चुंबकमापक अगदी चिमुकला असतो आणि आजूबाजूचं लोखंड वजा करण्यासाठी तो पुन्हा पुन्हा स्वतःला जुळवून घेत असतो. हे जुळणं बिघडलं की दहाच काय, तीस अंशही चुकतात. एकदा असं करून बघा. कव्हर काढून फोन मैदानाच्या मध्यभागी न्या, हवेत इंग्रजी आठचा आकडा काढल्यासारखा फिरवा आणि मग वाचन घ्या. नंतर तोच फोन घेऊन गच्चीवर, टाकीच्या स्टँडपासून एक-एक पाऊल लांब जात वाचनं घ्या. कोणत्याही दिवशी करा, ग्रह कुठेही असोत. सुई तशीच भरकटलेली दिसेल.

आम्ही हे लोखंड टाळायला काय काय करतो ते मुलांना सांगण्यासारखं आहे. मोजमापाच्या खोलीत शिरण्याआधी घड्याळ, किल्ल्या, कमरेचा पट्टा, मोबाईल सगळं बाहेर काढून ठेवायचं. खोलीतले खिळे, बिजागऱ्या, कड्या पितळेच्या किंवा तांब्याच्या. अलिबागच्या वेधशाळेच्या इमारतींसाठी तर पोरबंदरचा दगड आणला गेला, कारण आपला सह्याद्रीचा काळा पाषाण स्वतःच थोडाफार चुंबकीय असतो. आणि मुळात ही वेधशाळा अलिबागला आली कशी? कुलाब्याला १८४१ पासून चुंबकीय नोंदी चालू होत्या. पुढे मुंबईत ट्राम विजेवर चालवायचं ठरलं. विजेचा प्रवाह रुळांतून आणि जमिनीतून वाहणार म्हणजे नोंदी नासणार, हे उघड होतं. तेव्हाचे संचालक नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा सुरू झाली, १९०४ ते १९०६ दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेऊन जुनी मालिका नव्या जागेशी जुळवून घेतली आणि मग कुलाब्याचं काम थांबवलं. ती मालिका आजही चालू आहे. मूस यांच्या या काळजीबद्दल मला मनापासून आदर वाटतो. त्यांनी दोन वर्षं दोन्हीकडे मोजलं नसतं, तर आज आपल्याकडे एका सलग मालिकेऐवजी दोन तुटके तुकडे असते.

मुंबईतली ट्राम सुईला जाणवते, मग गुरू का जाणवू नये? कारण अंतर. चुंबकाचा जोर अंतराच्या घनाने कमी होतो. अंतर दुप्पट झालं की जोर आठवा हिस्सा उरतो. गुरूचं चुंबकत्व प्रचंड आहे, पृथ्वीच्या सुमारे वीस हजार पट. पण तो जवळ येतो तेव्हाही सरासरी सुमारे ६३ कोटी किलोमीटरवर असतो. गणित केलं तर त्याचं क्षेत्र आपल्याकडे एका नॅनोटेस्लाच्या दहालाखाव्या भागाहूनही कमी भरतं. आमची चांगली उपकरणं एका नॅनोटेस्लाचा दहावा, फार तर शंभरावा भाग ओळखतात. आणि हे गणितसुद्धा मध्ये रिकामी पोकळी आहे असं धरून केलेलं आहे. प्रत्यक्षात सूर्याकडून सतत वाहणारा सौरवारा गुरूचं क्षेत्र त्याच्याभोवती आवळून ठेवतो आणि त्याची शेपटी सूर्यापासून दूर, शनीच्या कक्षेच्या दिशेने ओढून नेतो. आपल्याकडे ते पोचतच नाही. शुक्र आणि मंगळ यांना तर पृथ्वीसारखं स्वतःचं व्यापक चुंबकक्षेत्रच नाही.

दुसरी वाट गुरुत्वाकर्षणाची. भरती-ओहोटी घडवणारा जोरसुद्धा अंतराच्या घनानेच घटतो. या जोरात चंद्र पहिला, सूर्य त्याच्या निम्म्याहून थोडा कमी. शुक्र अगदी जवळ आला तरी चंद्राच्या सुमारे एकोणीस हजारावा भाग आणि गुरू सुमारे पावणेदोन लाखावा भाग. सगळे ग्रह एकाच बाजूला आणून बेरीज केली तरी समुद्राची भरती केसभरही वाढत नाही. पृथ्वीचं मुख्य चुंबकक्षेत्र जिथे तयार होतं तो वितळलेल्या लोखंडाचा गाभा आपल्या पायाखाली २,९०० किलोमीटर खोल आहे. त्याला हलवायला या जोराची काय मातब्बरी?

आता चंद्राबद्दल, कारण इथे विषय खरोखर सुंदर आहे आणि तो व्हिडिओत कधीच येत नाही. चंद्राचा परिणाम आमच्या नोंदीत दिसतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला प्रागमध्ये कार्ल क्राइल यांनी तो प्रथम दाखवला. मूस यांनीही कुलाब्याच्या नोंदींतून त्याचा अभ्यास केला. चंद्र वातावरणातही भरती आणतो. शंभर-सव्वाशे किलोमीटर उंचीवर हवेचे कण विद्युतभारित असतात. ती हवा पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रातून पुढे-मागे सरकली की डायनॅमोसारखी वीज तयार होते आणि त्या विजेचं क्षेत्र खाली जमिनीवर उमटतं. उमटतं किती? साधारण एक-दोन नॅनोटेस्ला, कधी थोडं जास्त. एका दिवसाच्या आलेखावर ते डोळ्यांना दिसत नाही. महिन्यांच्या, वर्षांच्या नोंदी चंद्राच्या वेळेनुसार रचून सरासरी काढली की मगच वर येतं. चंद्राचीच ही कथा असेल, तर त्याच्या एकोणीस हजाराव्या भागाने काय दिसणार, हा अंदाज मुलं स्वतः बांधू शकतील.

मग मे २०२४? ते वादळ सूर्याचं होतं. ८ मे पासून सूर्यावरच्या एका अवाढव्य डागसमूहातून एकामागून एक विद्युतभारित वायूचे ढग पृथ्वीच्या दिशेने सुटले. सूर्य तेव्हा त्याच्या साधारण अकरा वर्षांच्या चक्राच्या शिखराजवळ होता. १० मे ला ते ढग येऊन धडकले. २००३ नंतर सर्वांत वरच्या श्रेणीत गेलेलं ते पहिलं वादळ. लडाखमध्ये हानले इथून आकाशात लाल झाक टिपली गेली. अशा ढगाचं काय होणार हे बहुतांशी एका गोष्टीवर ठरतं. ढगासोबत येणाऱ्या चुंबकक्षेत्राची दिशा उत्तरेकडे असेल तर तो पृथ्वीच्या चुंबकावरणाला घासून पुष्कळसा बाजूने निघून जातो. दक्षिणेकडे असेल तर ते क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राशी जोडलं जातं, दार उघडतं आणि ऊर्जा आत शिरते. ही दिशा ढग जवळ आल्याशिवाय नेमकी कळत नाही. म्हणून पृथ्वीपासून सूर्याच्या बाजूला १५ लाख किलोमीटरवर यानं ठेवली आहेत. आपलं आदित्य एल-१ जानेवारी २०२४ मध्ये तिथे पोचलं आणि त्यावरही चुंबकमापक आहे. तिथून मिळणारी सूचना साधारण पाऊण-एक तास आधीची, जोराच्या वादळात त्याहूनही कमी.

आणि ग्रह तेव्हा कुठे होते? ही गोष्ट मुलांना आकृती काढून दाखवा. गुरूची सूर्याशी युती, म्हणजे आकाशात सूर्याच्या जागीच असणं, १८ मे २०२४ ला आणि शुक्राची ४ जूनला झाली. दोन्ही वेळी ते सूर्याच्या पलीकडे होते. म्हणजे ग्रहांतला सगळ्यात वजनदार आणि एरवी सगळ्यात जवळ येणारा, असे दोघेही त्या दिवसांत आपल्यापासून जवळजवळ जास्तीत जास्त दूर होते. बाकीची रांगही आकाशात दिसते तेवढीच. सगळे ग्रह सूर्याभोवती साधारण एकाच पातळीत फिरतात, त्यामुळे आपल्याला ते कायमच क्रांतिवृत्ताच्या, म्हणजे सूर्याच्या आकाशातल्या वाटेच्या, पट्ट्यात दिसतात. २८ फेब्रुवारीला शनी आणि बुध पश्चिम क्षितिजाला टेकले होते आणि मंगळ पूर्वेच्या आकाशात उंच होता. मध्ये शंभराहून जास्त अंशांचा पसारा. एका दोरीत ओढणारी रांग म्हणतात तशी ती नव्हती.

घरातल्या ज्येष्ठांना विचाराल तर १९६२ च्या फेब्रुवारीतली अष्टग्रही आठवणारे भेटतील. मकर राशीत ग्रह एकत्र आले म्हणून देशभर यज्ञ आणि होमहवनं झाली, प्रलयाच्या भीतीने माणसं धास्तावली होती. प्रलय आला नाही. तेव्हाही सूर्य त्याच राशीत होता, म्हणजे मंगळ, गुरू आणि शनी सूर्याच्या पलीकडे, आपल्यापासून लांब. ५ मे २००० ला पुन्हा तेच घडलं आणि पुन्हा भीती पसरली. त्या वर्षीची दोन मोठी चुंबकीय वादळं ६ एप्रिलला आणि १५ जुलैला आली. आता बघा, एखादा म्हणेल की एप्रिल तर महिनाभर आधीच आहे, मग जुळलंच की! खरी गोम इथे आहे. तारखेच्या मागे-पुढे किती दिवस चालतील हे आधी ठरवलं नसेल, तर काहीही जुळतं. सूर्याच्या एका अकरा वर्षांच्या चक्रात हलकं का होईना वादळ असलेले सुमारे ९०० दिवस येतात, म्हणजे सरासरी दर चार-पाच दिवसांत एक. ग्रहरांगेच्या आगेमागे तीन-तीन दिवस धरले तर बहुतेक वेळा एखादं वादळ सापडणारच. रांग नसलेल्या आठवड्यातही सापडेल.

या विषयात चुकीचे निष्कर्ष निघतात ते बहुतेक वेळा इथूनच, आणि ते काढणारी माणसं प्रामाणिक असू शकतात. १९५१ मध्ये अमेरिकेत जॉन नेल्सन या रेडिओ अभियंत्याने सूर्याभोवतीचे ग्रहांचे कोन बघून लघुलहरी रेडिओ कधी बिघडेल याचे अंदाज देता येतात, असं मांडलं. त्याला चांगलं यश मिळतंय असं दिसत होतं. पण रेडिओ बहुतेक दिवस ठीकच चालतो. ‘आज ठीक चालेल’ असं रोज म्हणणाऱ्यालाही घसघशीत यश मिळतं. त्याचे दिवसागणिक अंदाज पुढे पडताळून पाहिले तेव्हा नशिबाच्या पलीकडे काही उरलं नाही. भर म्हणून ऋतूचा सापळा. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनांच्या आसपास वादळं जास्त होतात, कारण तेव्हा पृथ्वीच्या अक्षाची आणि सूर्याकडून येणाऱ्या क्षेत्राची मांडणी जोडणीला सोयीची असते. शिवाय सूर्य पृथ्वीच्या दृष्टीने २७ दिवसांत एक फेरी पूर्ण करतो, त्यामुळे तोच खवळलेला भाग महिन्याने परत समोर येतो. एखादी ग्रहरांग मार्चमध्ये पडली, तर तिला हे आयतं श्रेय मिळतं.

मघाशी म्हटलं की ‘नाही’चा जोर कशावर तरी अवलंबून आहे, ते आता. ग्रह सूर्यावर परिणाम करत असतील आणि सूर्यामार्फत आपल्यावर, ही कल्पना शास्त्रज्ञांनीही गंभीरपणे तपासली आहे. शुक्र, पृथ्वी आणि गुरू यांची विशिष्ट मांडणी सुमारे ११.०७ वर्षांनी जुळून येते आणि सौरडागांचं चक्रही सरासरी अकरा वर्षांचं, म्हणून जर्मनीतला एक गट ग्रह या चक्राला ठेका देतात असं मांडत आला आहे. अडचण अशी की ग्रहांमुळे सूर्यावर येणारी भरती जेमतेम एक मिलिमीटर उंचीची आहे आणि सौरचक्र प्रत्यक्षात कधी नऊ, कधी चौदा वर्षांचंही असतं. २०२३ मध्ये झालेल्या एका सांख्यिकी तपासणीत अशा बाहेरच्या घड्याळाचा पुरावा मिळाला नाही. मला स्वतःला ही कल्पना पटत नाही, पण वाद सरळ आणि आकडे मांडून चालला आहे, त्याला मी थोतांड म्हणणार नाही. आणि समजा ती उद्या खरी ठरली, तरी तिच्यातून फार तर एखाद्या चक्राची चाल कळेल. अमुक संध्याकाळी सुई हलेल, हे तिच्यातून निघत नाही.

त्याहून लांबच्या काळात मात्र ग्रहांचा पृथ्वीवर परिणाम होतो, यात शंका नाही. गुरू आणि शुक्र मिळून पृथ्वीची कक्षा कमी-जास्त लांबट करतात. त्यातला एक फेरा ४ लाख ५ हजार वर्षांचा आहे आणि तो समुद्रतळाच्या गाळात हवामानाच्या खुणा ठेवून गेला आहे. चुंबकक्षेत्राच्या जुन्या नोंदींतही तसा ठेका आहे का, हे काही अभ्यासक शोधतात. त्यावर एकमत नाही. चुंबकक्षेत्र कमजोर होतंय हेही खरं आहे. १८४० च्या सुमारापासून त्याचा मुख्य भाग नऊ-दहा टक्क्यांनी घटला आहे. पण ती घट गाभ्यातल्या प्रवाहांची आहे, दशकांनी आणि शतकांनी चालणारी.

तुमच्या वर्गासाठी माझी एक सूचना आहे, कारण मुलांना ‘हे खोटं आहे’ एवढं सांगून पुरत नाही. त्यांना स्वतः पडताळू द्या. केपी नावाचा जागतिक चुंबकीय निर्देशांक जर्मनीतल्या पोट्सडॅमहून प्रसिद्ध होतो, १९३२ पासूनचा, कुणालाही फुकट. स्टेलेरियमसारख्या आकाश दाखवणाऱ्या मोफत प्रोग्रॅमवर ग्रहांच्या जागा कोणत्याही तारखेच्या मिळतात. पहिल्या तासाला फक्त नियम ठरवा आणि फळ्यावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या: डोळ्यांना दिसणारे पाच ग्रह किती अंशांच्या आत आले म्हणजे रांग, तारखेच्या आगेमागे किती दिवस बघायचे, केपी किती झाला की वादळ. नंतर हे बदलायचं नाही. मग एका गटाला रांगेच्या तारखा काढायला सांगा. दुसऱ्या गटाने त्याच तारखा, पण एक वर्ष आधीच्या आणि एक वर्ष नंतरच्या घ्यायच्या. ऋतू तोच राहतो आणि सूर्यचक्राचा टप्पाही फारसा बदलत नाही. त्यांतल्या ज्या तारखेला स्वतःचीच रांग असेल ती वगळा. तिसऱ्या गटाला कोणती यादी कुठली हे न सांगता दोन्हींमधली वादळं मोजायला द्या.

तारखा मोजक्याच निघतील, त्यामुळे दोन्ही आकड्यांत थोडा फरक पडला तर दचकू नका. त्या फरकाला अर्थ आहे की नाही हे बघायला तारखा दोन, तीन, चार वर्षं सरकवून आणखी याद्या करा आणि रांगेचा आकडा त्या गर्दीत कुठे बसतो ते पाहा. मोजणीत कुठे अडलात, तर तुमचा तक्ता आणि ठरवलेले नियम इथेच टाका, मी बघून सांगेन.